औषधी वनस्पतींचे पारंपरिक ज्ञान : पिढ्यांमधील हस्तांतर

औषधी वनस्पतींविषयीचे लोकज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचण्याची प्रक्रिया. हे ज्ञान बहुतांशी मौखिक असते. वनस्पतीची ओळख, ती कोणत्या ऋतूत तोडायची, मूळ घ्यायचे की साल, औषध कसे करायचे आणि मात्रा किती द्यायची, ही त्याची अंगे होत. ती सगळी एकाच वयात किंवा एकाच व्यक्तीकडून शिकली जात नाहीत.

नावे सर्वांत आधी येतात. मेक्सिकोतील झापोटेक या आदिवासी समाजातील मुलांना दहा-बारा वर्षांच्या वयातच शेकडो वनस्पती नावाने ओळखता येतात, असे अभ्यासांत दिसले आहे. आईवडिलांइतकीच ही ओळख सवंगड्यांकडूनही होते. खोकला, पोटदुखी, किरकोळ जखमा यांवरचे उपाय घरात, विशेषतः आई-आजीकडून कळतात. मात्रेचे तसे नाही. ती शिकायला समोर रोगी असावा लागतो आणि उपचार करणाऱ्या जाणत्याजवळ वर्षानुवर्षे राहावे लागते. म्हणूनच नावे व उपयोग टिपून घेतले की ज्ञान जतन झाले, ही समजूत अपुरी आहे.

काही घराण्यांत औषध गुप्त ठेवून एखाद्याच वारसाला सांगितले जाते. अंगावर पाणी साचून येणाऱ्या सुजेवरचे असेच एक औषध इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एका वृद्धेने दीर्घकाळ गुप्त राखले होते. १७७५ मध्ये त्याबद्दल विल्यम विदरिंग या वैद्याचे मत विचारण्यात आले. वीसएक वनस्पतींच्या त्या मिश्रणातील गुणकारी घटक फॉक्सग्लोव्ह आहे, हे त्याने ताडले. परंतु या विषारी वनस्पतीची सुरक्षित मात्रा ठरवून निष्कर्ष प्रसिद्ध करायला त्याला १७८५ साल उजाडले.

कृतीतला बारकावा लिहिला गेला, तर तो शतकांनंतरही उपयोगी पडू शकतो. चौथ्या शतकातील चिनी वैद्य ग हुंग याने छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून विसाव्या शतकात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध मिळाले (नोबेल पारितोषिक, २०१५).

अधिवासाचा ऱ्हास, स्थलांतर आणि शाळेमुळे रानात जाणारा कमी झालेला वेळ यांमुळे ही साखळी तुटते. भाषा लोपणे हे त्याहून कमी लक्षात येणारे कारण. उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी येथील २३६ भाषांच्या २०२१ मधील अभ्यासात औषधी उपयोगांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक उपयोग फक्त एकेका भाषेतच आढळले.

कायद्यापुढे मात्र मौखिक परंपरा दुबळी ठरत आली आहे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट (१९९५) भारताने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, ते जुन्या लिखित संदर्भांच्या आधारे. परदेशातील निव्वळ तोंडी ज्ञान तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पुरावा म्हणून चालत नसे. अशा पेटंटांना आळा घालण्यासाठी पुढे भारताने उभारलेले पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयही प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवरच आधारलेले आहे.