न्यूयॉर्क शहराचं ओळखपत्र: पासपोर्ट आहे, पण पत्त्याचा पुरावा?

लग्न होऊन न्यूयॉर्कला आलेल्या मुलीकडे पहिले काही महिने पासपोर्टशिवाय कागदच नसतो. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिलही त्याच्याच. तिला स्वतःच्या नावाचं, इथला पत्ता असलेलं ओळखपत्र मिळावं, यासाठी शहराचं ‘आयडीएनवायसी’ कार्ड फार मोलाचं आहे. ते २०१५ पासून मिळतं, मोफत असतं आणि ५ वर्षं चालतं. वय किमान १० आणि घर शहराच्या पाच बरोंपैकी (म्हणजे विभागांपैकी) एकात, एवढीच पात्रता. व्हिसा कोणता, हे विचारत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्यांना मात्र ते मिळत नाही, ते राज्यच वेगळं.

कागदपत्रांना गुण असतात. एकूण ४ लागतात: ओळखीचे किमान ३, रहिवासाचा किमान १. आपला भारतीय पासपोर्ट एकटाच ओळखीचे ३ गुण देतो. घोडं अडतं ते चौथ्या गुणावर. ६० दिवसांच्या आतलं फोनचं किंवा विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरार यांपैकी काहीही चालतं, पण त्यावर अर्जदाराचं नाव हवं. माझ्या मते सोपा मार्ग म्हणजे आल्याबरोबर बँकेत संयुक्त खातं उघडायचं आणि पहिलं स्टेटमेंट आलं की अर्ज करायचा. खात्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, असं झालं की खिडकीवर अडचण येते.

अपॉइंटमेंट ऑनलाइन किंवा ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर फोन करून मिळते. मूळ कागद न्या, झेरॉक्स चालत नाही. फोटो तिथेच काढतात. कार्ड टपालाने येतं, म्हणून पत्रपेटीवर तिचंही नाव चिकटवून ठेवा.

घरात मारहाण सोसून बाहेर पडलेल्या स्त्रीला पत्ता न छापलेलं कार्डही मिळू शकतं. ही सोय आपल्या बायकांपर्यंत पोचायला हवी.

कार्ड दाखवून शहराच्या कार्यालयांत जाता येतं, पोलिसांना ओळख देता येते, तिन्ही सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकं घेता येतात. गाडी चालवायला, विमानात बसायला किंवा नोकरीसाठी ते उपयोगाचं नाही. आणि परदेशी नागरिकाने, वय १८ किंवा त्याहून जास्त असेल तर, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) सारखा नोंदणीचा कागद जवळ बाळगणं संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. कार्ड आलं तरी आय-९४ ची प्रिंट पर्समध्येच राहू द्या.