खिळे सांगतात घराचा पत्ता

अमेरिकेत १८६२ साली होमस्टेड कायदा झाला. थोडं शुल्क भरायचं, घर बांधायचं, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची, की १६० एकर सरकारी जमीन नावावर होत असे. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटाच्या गवताळ माळांवर लाखो कुटुंबांनी बस्तान बसवायचा प्रयत्न केला. दुष्काळ, टोळधाड आणि शेतमालाच्या पडलेल्या भावांपुढे कित्येकांनी हात टेकले आणि घरं ओस पडली. आज तिथे अनेक ठिकाणी ना भिंत उरली आहे ना छप्पर. पण मोकळ्या माळावर मध्येच लायलॅकचं झुडूप किंवा एका ओळीत उभी असलेली झाडं दिसली, की जुन्या वस्तू शोधणारे मेटल डिटेक्टर घेऊन तिथे थांबतात. अशी झाडं बहुधा कुणीतरी अंगणात हौसेनं लावलेली असतात.

डिटेक्टरच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि खाली जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र पसरतं. वाटेत धातू आला, की त्यात गोल फिरणारे प्रवाह उमटतात. हे एडी करंट. त्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकांत हे प्रवाह सावकाश विरतात, म्हणून त्यांचा प्रतिसाद मूळ लहरीच्या जास्त मागे पडतो. लोखंड स्वतःच चुंबकीय असल्यामुळे त्याची तऱ्हा निराळी. या फरकावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं. खोलीला मात्र मर्यादा आहे. लहान वस्तूपर्यंत जाताना क्षेत्र अंतराच्या घनाच्या हिशेबानं दुबळं होतं आणि परत येताना पुन्हा तसंच. म्हणजे अंतर दुप्पट झालं, की संकेत ढोबळमानानं चौसष्टपट क्षीण! म्हणूनच नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपलीकडे सापडणं अवघड होतं.

अशा होमस्टेडच्या जागेवरची खरी अडचण खोलीची नसून लोखंडाची आहे. घर मोडतं तेव्हा खिळे, बिजागऱ्या, काटेरी तारेचे तुकडे आजूबाजूला विखुरतात. खिळ्याशेजारी पडलेल्या नाण्याचा संकेत खिळ्याच्या संकेताखाली दबून जातो. ही डोकेदुखी यंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच उपकरण वापरलं. गोळी सापडली नाही, आणि गारफिल्ड यांच्या पलंगातल्या धातूच्या तारांनी घोळ केला, हे त्याचं एक कारण मानलं जातं. आजच्या यंत्रांत लोखंडाचा आवाज बंद करण्याची सोय असते. बरेच जण ती लावतात आणि चांदीच्या नाण्याची वाट बघतात.

मला ही सवय खटकते, कारण घराची हकीकत सगळ्यात जास्त त्या खिळ्यांमध्येच असते.

एक खिळा माती झटकून हातात घ्या. तो आडव्या छेदात चौकोनी आहे, डोक्याकडून टोकाकडे दोनच बाजूंनी निमुळता होतो आणि टोक बोथट आहे? मग तो पत्र्यातून यंत्रानं कापलेला खिळा. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेत असेच खिळे चालत. अंग गोल आणि शेवटपर्यंत एकसारखं असेल, तर तो तारेचा खिळा. १८९०च्या दशकात त्यानं कापलेल्या खिळ्याला मागे टाकलं. जुन्या फळ्यांबरोबर जुने खिळेही पुन्हा वापरले जात, त्यामुळे फक्त चौकोनी खिळे मिळाले म्हणून घर तितकंच जुनं ठरत नाही. उलट, तारेचे खिळे मिळाले तर ते बांधकाम किंवा दुरुस्ती त्यांचा काळ सुरू होण्याआधीची नाही, हे पक्कं.

आता तो वाकलेला आहे का ते बघा. ढिगानं वाकलेले खिळे दिसले, तर कुणीतरी पहार लावून फळ्या उचकटल्या असाव्यात. लाकूड दुर्मिळ असलेल्या माळावर ते फुकट कोण सोडणार? खिळे सरळ असतील, तर घर जागच्या जागी कुजलं असेल किंवा जळलं असेल. आगीत तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो, त्यामुळे असे खिळे पुष्कळदा कमी गंजलेले निघतात.

हे सगळं कळतं ते खिळा कुठे मिळाला याची नोंद असेल तरच. मॉन्टानातल्या लिटल बिगहॉर्नला १८७६ मध्ये अमेरिकी घोडदळ आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींची लढाई झाली. त्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा पेटून गवत जळून गेलं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांचे मेटल डिटेक्टर वापरून तिथला प्रत्येक सापडलेला तुकडा नकाशावर मांडला. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवरच्या खुणांवरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, हेही त्यांना दाखवता आलं. त्याच पुंगळ्या खिशात घालून नेल्या असत्या, तर त्या लढाईबद्दल त्यांतून काहीच कळलं नसतं.

कायद्याचंही भान हवं. अमेरिकेतल्या १९७९च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुने पुरावशेष परवान्याशिवाय काढणं गुन्हा आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावी, आणि ती लेखी असलेली बरी.

जायच्या आधी कागदपत्रं जरूर चाळावीत. जमीन कुणाच्या नावावर झाली, हे सरकारी भूमी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या होमस्टेडच्या फायलींत तर त्या कुटुंबाची आणि साक्षीदारांची जबानी असते: घर केवढं, विहीर खणली का, किती एकर नांगरले. जबानीत लिहिलेल्या मापांचं घर खरोखर उभं होतं का, हे नकाशावर मांडलेल्या खिळ्यांशी ताडून पाहता येतं.