मातृदुग्ध पेढी: साडेबासष्ट अंशांवरचा अर्धा तास

तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, किलोभर वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशी दर २ तासांनी जेमतेम दीड मिलिलिटर दूध देतात. तेही तोंडातून जठरात सोडलेल्या बारीक नळीने, कारण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत नीट बसत नाही. हे दूध पोट भरायला नसते, आतड्याला कामाला लावायला असते. म्हणूनच ते कुणाचे, याला महत्त्व आहे.

दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचे आतडे कच्चे असते. त्याला सूज येऊन काही भाग मृत होण्याचा आजार म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. पोट फुगते, हिरवी उलटी होते, शौचातून रक्त जाते, कधी आतड्याला भोक पडते आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार दात्या मातेचे दूध मिळालेल्या बाळांच्या जवळपास दुप्पट आढळतो. पावडरवर वजन लवकर वाढते हे खरे, पण पहिल्या काही आठवड्यांत वजनापेक्षा आतडे वाचवणे मोलाचे.

पहिला मान आईच्याच दुधाचा. अकाली प्रसूत झालेल्या आईच्या चिकात प्रथिने आणि प्रतिपिंडे भरपूर असतात. पण सिझेरियननंतर किंवा रक्तदाब चढल्यामुळे ती स्वतःच अतिदक्षता विभागात असते, दूध उतरायला दोन-चार दिवस जातात. हा खंड भरून काढायला मातृदुग्ध पेढी, म्हणजे इतर मातांनी दिलेले दूध तपासून, शुद्ध करून साठवणारी जागा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली पेढी आशियातली पहिली मानली जाते.

दूध देणारी आई निरोगी हवी, आणि तिच्या बाळाचे पोट आधी भरलेले हवे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस या तपासण्या होतात. तंबाखू, गुटखा, दारू चालत नाही. मिश्रीबद्दल मुद्दाम वेगळे विचारावे लागते, कारण मिश्री लावणाऱ्या अनेकजणी तिला तंबाखू समजतच नाहीत. लेखी संमती दात्या आईची लागते, तशीच ते दूध ज्याला मिळणार त्या बाळाच्या पालकांचीही. दूध दिल्याने आपल्या बाळाला कमी पडेल ही भीती घरोघरी असते. प्रत्यक्षात स्तन जितके रिकामे होतात तितके दूध नव्याने बनते. भारतात मातेच्या दुधाची खरेदी-विक्री करता येत नाही.

आता मुख्य काम. हात धुऊन, निर्जंतुक भांड्यात काढलेले दूध ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. मग ते एकत्र करून बाटल्यांत भरतात. बाटली काठोकाठ भरायची नाही, कारण गोठल्यावर दूध फुगते. बाटल्या पाण्याच्या तापकात ठेवून दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे राखायचे आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड करायचे. चुका होतात त्या इथेच. घड्याळ सुरू करायचे ते पाणी तापल्यावर नव्हे, दूध तापल्यावर. त्यासाठी एका बाटलीत तापमापकाची सळई ठेवलेली असते. सगळ्या बाटल्यांत दूध सारखेच हवे, नाहीतर जास्त भरलेली बाटली मागे राहते. पाण्याची पातळी दुधाच्या वर हवी. झाकण सैल असेल तर थंड होताना आजूबाजूचे पाणी आत शिरते, आणि त्यातले जंतू नुकत्याच शुद्ध केलेल्या दुधात जातात. सावकाश थंड केले तर काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली सुप्त रूपे, जागे होतात. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू या तापमानाला मरत नाहीत. म्हणून प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात काहीही वाढले तरी अख्खी खेप फेकायची, कितीही जिवावर आले तरी. पास झालेले दूध उणे २० अंशांत काही महिने टिकते.

या उष्णतेने एचआयव्ही आणि सायटोमेगॅलो विषाणू मरतात. आतड्याला जपणाऱ्या विशिष्ट शर्करा जवळपास तशाच राहतात, प्रतिपिंडांचाही मोठा भाग टिकतो. मात्र जिवंत पेशी जातात, लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारे प्रथिन बरेच घटते, आणि मेद पचवणारे लायपेज पार निकामी होते. उकळले तर याहून कितीतरी जास्त गमवावे लागेल.

वॉर्डात गोठलेली बाटली फ्रिजमध्ये किंवा ३७ अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात वितळवतात, २४ तासांत वापरतात, पुन्हा गोठवत नाहीत. मायक्रोवेव्ह वर्ज्य. पंपाने हळूहळू दूध द्यायचे असेल तर सिरिंजचे टोक वर हवे. आडव्या सिरिंजमध्ये साय वर तरंगते, नळीला चिकटते आणि बाळाला मिळते ते पातळ दूध. वजन का वाढत नाही याचे उत्तर कधीकधी इतके साधे असते.

दुसरे उत्तर प्रथिनांत. दात्या माता बहुधा पूर्ण दिवस भरून प्रसूत झालेल्या, त्यामुळे त्यांच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ग्रॅमभरच प्रथिने. किलोमागे दिवसाला १८० मिलिलिटर पाजले तरी २ ग्रॅमच्या आतच. गरज साडेतीन ते साडेचार ग्रॅमची. म्हणून दूध अंगी लागू लागले की त्यात फॉर्टिफायर, म्हणजे प्रथिने वाढवणारे पूरक, मिसळतात.

आणि हे सगळे चालू असताना बाळाच्या आईला विसरायचे नाही. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी, मग दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. रात्रीची वेळ चुकवू नये. सुरुवातीला दोन-चार थेंबच येतात. तेही सिरिंजमध्ये धरून बाळाकडे पाठवावेत. बाळ स्थिर होताच छातीशी कांगारूसारखे धरले की पान्हा सुधारतो. दूध येत नाही म्हणून शेजारणीचे किंवा नात्यातल्या कुणाचे कच्चे दूध अशा बाळाला परस्पर पाजू नये. त्या दुधाची ना तपासणी झालेली असते, ना त्याला तो अर्धा तास मिळालेला असतो. नात्यातल्या बाईला दूध द्यायचेच असेल तर तिने गरोदरपणातले तपासणीचे कागद घेऊन पेढीत जावे.