कव्हर गीत (ऑल्टर्नेटिव्ह रॉक)

एका कलावंताने ध्वनिमुद्रित केलेले गाणे दुसऱ्याने पुन्हा गाऊन वा वाजवून ध्वनिमुद्रित केले, की त्या नव्या रूपास कव्हर किंवा कव्हर व्हर्शन म्हणतात. ऑल्टर्नेटिव्ह रॉक (मुख्य धारेपासून वेगळा राहिलेला रॉक) आणि त्याआधीचे पोस्ट-पंक व न्यू वेव्ह या रॉक प्रवाहांतील गाणी पुढे पियानो, जॅझ, बोसा नोव्हा (ब्राझीलमधील मृदू, संथ गायनशैली), समूहगान अशा निराळ्या शैलींत बांधली गेली; प्रस्तुत नोंद अशा शैली बदलणाऱ्या कव्हरांपुरती आहे. एकच बंदिश प्रत्येक गायकाने आपल्या परीने मांडावी, हे ख्यालगायनात गृहीतच असते. रॉकमध्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रण हेच गाण्याचे प्रमाणरूप ठरते आणि गिटारची खरखर, ड्रमचा ठोका व गायकाचा आवाज हे सारे गाण्याचेच अंग मानले जाते. ते काढून घेतल्यावर काय उरते, याची परीक्षा कव्हरमध्ये होते.

पुष्कळदा उरतात ते शब्द. निर्वाना या चमूचे १९९१ मधील ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ गायिका टोरी एमोस हिने पुढच्याच वर्षी केवळ पियानोवर गायिले, तेव्हा गदारोळात बुडालेल्या ओळी प्रथमच नीट ऐकू आल्या. टिअर्स फॉर फिअर्स या चमूचे ‘मॅड वर्ल्ड’ (१९८२) सिंथेसायझरच्या नाचऱ्या ठेक्यावर बांधलेले होते. मायकेल अँड्र्यूज व गॅरी ज्यूल्स यांनी एका चित्रपटासाठी त्याची लय संथ केली आणि २००३ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

या प्रकारातील सर्वांत लक्षणीय उदाहरण ‘हर्ट’ हे होय. नाइन इंच नेल्स या चमूच्या ट्रेंट रेझ्नरने १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा तो तिशीच्या आत होता. त्यातील आत्मनाशाची भाषा तरुणाची आहे. निर्माता रिक रुबिन याच्या साहाय्याने २००२ साली ते गाणारा कंट्री गायक जॉनी कॅश सत्तर वर्षांचा आणि आजारी होता. चाल तीच आहे, आणि शब्दही जवळजवळ तेच आहेत; फक्त मुकुटाच्या ओळीतील एका अपशब्दाच्या जागी ‘काटे’ हा शब्द आला आहे. तरी धमकीसारखे वाटणारे गाणे हिशेब मिटवणाऱ्या वृद्धाचे झाले. गाणे आता आपले राहिले नाही, असे रेझ्नरनेच पुढे म्हटले. सप्टेंबर २००३ मध्ये कॅश निवर्तला.

नूव्हेल व्हाग या फ्रेंच चमूने २००४ मध्ये उलटी वाट धरली. फ्रेंच ‘नूव्हेल व्हाग’ व इंग्रजी ‘न्यू वेव्ह’ या दोहोंचा अर्थ ‘नवी लाट’, आणि पोर्तुगीज ‘बोसा नोव्हा’चा अर्थही त्याच्या आसपासचा, या शब्दखेळावरच त्यांचा सारा प्रयोग उभा आहे. जॉय डिव्हिजन या चमूचे विषण्ण ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ त्यात समुद्रकाठच्या गुणगुणण्यासारखे हलके होते, आणि त्या हलकेपणातच एक विचित्र क्रौर्य जाणवते. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेहल्डाऊ याने रेडिओहेड या चमूची गाणी वाजवताना तर शब्दच वगळले. बेल्जियममधील स्काला या मुलींच्या गायकवृंदाने गायिलेले रेडिओहेडचे ‘क्रीप’ २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरमध्ये वापरले गेल्यावर मात्र संथ, उदास कव्हर हा ट्रेलरांचा ठरीव साचाच झाला, आणि साच्यात अर्थ उलगडण्याचे काम फारसे होत नाही.

गीतरचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेले गाणे ठरलेले मानधन देऊन कोणालाही ध्वनिमुद्रित करता येते. मात्र मूळ चाल व गाण्याचे मूलभूत स्वरूप बदलता येत नाही. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते, आणि पूर्वी संमतीने झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेला बदल सोडून अन्य फेरफारास परवानगी नाही.