हळदीची कॅप्सूल आणि जगाची सूची

ठाण्यात चरईत राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या पावसाळ्यात हळदीच्या कॅप्सूलची बाटली मागवली. गुडघ्यांसाठी. बाटलीवर मिऱ्यांचं चित्र, त्याखाली 'शोषण २००० टक्के अधिक' आणि अगदी तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'पबमेडवर सिद्ध'. मावशीचा फोन आला, "अरे, हे पबमेड म्हणजे सरकारी आहे ना? आयएसआय मार्कासारखं?"

सरकारी आहे, पण मार्क देत नाही, असं मी सांगितलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. मग रविवारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो.

पबमेड चालवतं ते अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय, मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावी. त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. एक नोंद म्हणजे एका शोधनिबंधाचं नाव, लेखक, नियतकालिक, तारीख आणि बहुतेक वेळा आठ-दहा ओळींचा सारांश. अख्खा निबंध तिथे असेलच असं नाही. जुन्या वाचनालयांत लाकडी खणांमध्ये कार्डं असत, त्यातलाच हा प्रकार. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मावशीच्या आजोबांपासून घरातले लोक तिथले वर्गणीदार. त्यामुळे एवढं सांगितल्यावर तिला लगेच कळलं. "म्हणजे कार्ड आहे म्हणून पुस्तक चांगलं असं नाही," ती म्हणाली. बाटलीवरच्या दाव्याचा निम्मा निकाल तिथेच लागला.

या सूचीचा जन्म मोठा गमतीशीर जागी झाला. अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीत १८३६ पासून थोडी पुस्तकं होती. १८६५ मध्ये ती जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरच्या हाती आली. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली. नाटकं बंद पडली, सरकारने इमारत ताब्यात घेतली आणि पुढे हे ग्रंथालय तिथेच थाटलं. त्या इमारतीत बसून बिलिंग्ज आणि त्याचा सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' काढायला सुरुवात केली: जगभर वैद्यकावर काय काय छापून आलं, त्याची विषयवार मासिक सूची. मध्ये काही खंड पडले, पण छापील सूची २००४ पर्यंत निघत होती.

संगणक आला १९६४ मध्ये, तोही टपालाच्या वेगाने: डॉक्टरने प्रश्न लिहून पाठवायचा, आठवड्यांनी यादी यायची. १९७१ मध्ये मेडलाईन, म्हणजे याच सूचीचं संगणकावरचं रूप, आलं आणि टेलिफोनच्या तारेवरून थेट शोध घेता येऊ लागला. तरी त्याला पैसे पडत. १९९७ च्या जूनमध्ये पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं.

या सालाजवळ थोडं थांबावंसं वाटतं, कारण तेव्हाच हळदीचाही एक मोठा खटला निकाली निघाला. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने पेटंटला आव्हान दिलं, पण अडचण अशी की 'आमची आजी लावायची' हा पुरावा पेटंट कार्यालयात चालत नाही. छापील पुरावा हवा. मग संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ गोळा झाले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक निबंधही त्यात होता. एकूण बत्तीस संदर्भ. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मेडलाईनच्या नोंदी तेव्हा मुळात १९६६ पासूनच्या होत्या, त्याआधीच्या पुढे हळूहळू भरत गेल्या. म्हणजे ५३ सालचा तो निबंध संगणकावर बोट दाबून सापडण्यातला नव्हता. कोणीतरी ग्रंथालयात धूळ खात तो शोधला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तर, मावशीच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही 'टर्मेरिक' असं टाईप केलं. इथे पडद्यामागे एक काम होतं. ग्रंथालयाने १९६० पासून वैद्यकीय शब्दांचा एक प्रमाण कोश जपला आहे, सुमारे तीस हजार मुख्य शब्दांचा. एकच गोष्ट लोक दहा नावांनी लिहितात. तुम्ही 'हार्ट अटॅक' लिहिलंत तरी पबमेड 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'सुद्धा आपोआप शोधतं. हळदीचंही तसंच, ते लगेच कुरकुमा या शास्त्रीय नावाकडे जातं. गूगलमध्ये नि यात हा मोठा फरक आहे. गूगल लोकांना काय आवडतं ते वर आणतं, इथे निदान विषय तरी नीट लावलेले असतात.

नोंदी आल्या त्या हजारोंनी. मावशी खूश. पण डावीकडे गाळण्या, म्हणजे फिल्टर, असतात, त्या लावल्या की चित्र पालटतं. बहुसंख्य निबंध काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे किंवा उंदरांवरचे. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी काय, फिनाईलनेही मरतात. त्यामुळे 'यादृच्छिक नियंत्रित चाचणी' ही गाळणी लावायची. यात माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. यादी एका फटक्यात ओसरते.

बाटलीवरचे २००० टक्के आम्ही शोधून काढले. आकडा खरा आहे. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला: कुरकुमिन म्हणजे हळदीतलं मुख्य रसायन, त्याच्या दोन ग्रॅमबरोबर मिऱ्यातलं वीस मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तर रक्तात जाणारं कुरकुमिन तेवढ्या टक्क्यांनी वाढतं. पण त्याच सारांशात हेही आहे की नुसतं कुरकुमिन दिल्यावर रक्तात ते जवळपास सापडतच नव्हतं. जवळजवळ शून्याची वीसपट किती होते, ते मावशीला सांगावं लागलं नाही. ती बँकेतून निवृत्त झालेली आहे.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कुरकुमिनचा लांबलचक आढावा आला. हे रसायन अस्थिर आहे, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत खोटे होकार देतं, आणि १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही तोवर एकही दुहेरी-अंध (कोणाला खरी गोळी मिळाली हे डॉक्टर नि रुग्ण दोघांनाही ठाऊक नसतं अशी), नियंत्रित चाचणी यशस्वी झालेली नाही, असं लेखकांनी लिहिलं. एवढ्यावर लॅपटॉप मिटता आला असता. पण २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची चाचणी आहे, नेमकी गुडघ्यांचीच. सत्तर माणसं, बारा आठवडे. हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं, पण सांध्यातली सूज नि पाणी काही हटलं नाही. सत्तर म्हणजे फार नव्हेत. तरी नोंद आहे, आणि प्रामाणिकपणे शोधायचं तर तीही वाचायला हवी. जाहिरात यातलं एकच कार्ड उचलते.

ग्रंथालयाच्या याच छपराखाली आणखीही दालनं आहेत. पबकेममध्ये रसायनं: कुरकुमिनचा तिथला क्रमांक ९६९५१६, रेणूचं चित्र गोल फिरवून पाहता येतं. जेनबँकेत डीएनएचे क्रम, १९८२ पासून. युरोप आणि जपानच्या अशाच पेढ्यांशी तिची रोज देवाणघेवाण चालते. २०२० च्या जानेवारीत कोरोना विषाणूचा २९,९०३ अक्षरांचा क्रम जाहीर झाला, तो याच पेढीत आजही कोणालाही पाहता येतो. हळदीच्या झाडाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा क्रम, भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या चमूने उलगडला, तो निबंध २०२१ चा.

पण मावशीच्या कामाचं दालन निघालं ते लिव्हरटॉक्स. औषधांनी आणि पूरक गोळ्यांनी यकृताला होणाऱ्या इजांची ही जंत्री. हळद तिथे आहे. भाजीतली नव्हे, कॅप्सूलमधली. अशा इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या एका मोठ्या जाळ्याने हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या दहा जणांचा अभ्यास छापला. त्यातल्या सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला, तिघांच्या गोळ्यांत मिरी होती आणि एकाचा मृत्यू झाला. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्यात दहा म्हणजे दुर्मीळच. पण जे शोषण वाढतं म्हणून बाटली खपते, तेच इथे संशयित आहे. मावशीने चष्मा पुसला आणि बाटली हातात घेऊन पुन्हा वाचली.

काही नोंदींवर लाल पट्टी असते: निबंध मागे घेतला. हळदीच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या संशोधकाचे बरेच निबंध चित्रांत फेरफार आढळल्याने मागे घेतले गेले. पट्टी लागली तरी नोंद खोडत नाहीत. तेच योग्य, नाहीतर जुन्या लेखांत त्यांचा हवाला सापडल्यावर वाचणाऱ्याला कळणार कसं? शिवाय मेडलाईन या पबमेडच्या मुख्य भागासाठी नियतकालिकं पारखून घेतात, पण पबमेडमध्ये इतर वाटांनीही निबंध शिरतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचेही त्यात येऊन जातात.

आपल्याकडची एक गोष्टही सांगायला हवी. भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून आहे, आणि २००९ च्या जूनपासून तिथे नोंदणी सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्याआधीच काय मोजणार ते लिहून द्यावं लागतं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा निवडता येत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रांत काय चाललंय, तेही तिथे घरबसल्या वाचता येतं. फार कमी लोक वाचतात.

मावशी बाटली घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ती बंद करायला सांगितली, व्यायाम दिला. बाटली अजून फ्रीजवर आहे, पैसे मोजलेत म्हणून. परवा तिने मोबाईलवर स्वतःच 'नी पेन' टाकून शोधलं. नोंदींचा आकडा बघून मला फोन केला.

"अरे," ती म्हणाली, "किती रे गुडघे दुखतात लोकांचे."