मेदूवड्याची सावली

सहा इंच व्यासाचा, चार फूट नाभीय अंतराचा दुर्बिणीचा आरसा घरी घासायला घेतला, तर त्याची मधली खोली भरते जेमतेम १.२ मिलिमीटर. ती कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून काचेवर काच घासत मिळवायची. यात निसर्ग आपल्या बाजूने असतो. एकमेकांवर कुठेही सरकवले, कसेही फिरवले तरी चिकटून बसणारे वक्र पृष्ठभाग गोलाचेच असू शकतात. म्हणून हात थोडाफार वेडावाकडा चालला, तरी काच आपोआप गोलाकडे जाते.

पण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला गोल चालत नाही, अन्वस्त (पॅराबोलाचा) आकार लागतो. आता या दोहोंतला फरक पाहा. वरच्या आरशात तो सुमारे ०.०७ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग! एवढं काढायचं कशाने, तर हाताने.

त्याआधी पॉलिश. त्यासाठी पिच वापरतात, राळेच्या जातीचा काळपट पदार्थ. हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, पण डबा आडवा ठेवला तर काही दिवसांत ओघळतो. हळूहळू वाहण्याच्या या स्वभावामुळेच तो आरशाच्या वक्रतेशी जुळवून घेतो. पिच किती कडक हवा, हे बघायची रीत चिक्कीच्या पाकासारखी: थेंब पाण्यात टाकायचा आणि नखाने दाबून पाहायचा. फार कडक वाटला तर किंचित टर्पेंटाइन. तो टूलवर, म्हणजे घासताना वापरलेल्या दुसऱ्या काचेवर, ओतून वड्या पाडतात तशा खाचा पाडायच्या, सिरियम ऑक्साइडचं पाणी लावायचं आणि आरसा त्यावर फिरवत बसायचं. तासन् तास. १८व्या शतकात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल दुर्बिणींसाठी धातूचे आरसे घडवायचा. एकदा तो सलग सोळा तास हात न उचलता पॉलिश करत राहिला आणि बहीण कॅरोलाइनला त्याला घास भरवावे लागले.

काच चकचकीत झाली की नवख्याला वाटतं, झालं काम. खरी गंमत पुढे आहे. चकाकी म्हणजे आकार नव्हे आणि आकारातली चूक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. ती दाखवण्याची युक्ती लेओन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८च्या सुमारास काढली. आमच्या मते स्वस्त आणि मस्त प्रयोगांच्या यादीत तिचा पहिला नंबर लागावा. आरशापासून आठ फुटांवर, त्याच्या वक्रता केंद्रापाशी, एक बारीक दिवा ठेवायचा. परत येणाऱ्या प्रकाशात ब्लेडची धार हळूच सरकवायची आणि मागून आरशाकडे पाहायचं. आरसा अचूक गोल असेल तर तो सगळा एकदम करडा होतो. अन्वस्त असेल तर त्यावर मेदूवड्यासारखी फुगीर सावली उमटते. कड खाली उतरली असेल, मध्ये टेंगूळ असेल, तेही डोंगरदऱ्यांसारखं दिसतं. काचेवर बोट क्षणभर टेकवा, त्या उबेने फुगलेला भागसुद्धा दिसेल!

म्हणूनच घाई चालत नाही. आकार देताना आरसा पिचवर लांब, बाजूला झुकणाऱ्या डब्ल्यूसारख्या फेऱ्यांनी चालवतात, म्हणजे मधला भाग जरा जास्त झिजतो. पण हे पाच-दहा मिनिटंच. मग आरसा धुवायचा, तळव्याची ऊब निघून जाईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा ब्लेडसमोर. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर मधल्या भागाचं आणि कडेचं प्रकाश एकवटण्याचं ठिकाण १.२ मिलिमीटरने वेगळं यायला हवं. मायक्रोमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशेब असा साध्या पट्टीच्या टप्प्यात येतो. (आरशाची खोलीही १.२ मिलिमीटरच होती ना? योगायोग नाही, दोन्हींचं सूत्र एकच आहे.)

चाचणीच चुकली तर मात्र हात कितीही कसलेला असो. १९९०मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत सफाईने घडवला होता, फक्त चुकीच्या आकारात. तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलं होतं. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी चूक दाखवली होती. त्या पुरेशा अचूक नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या.

मेदूवडा मनासारखा दिसला की आरसा अॅल्युमिनियमच्या लेपासाठी निर्वात पात्रात जातो. हा लेप साधारण ०.१ मायक्रोमीटर जाडीचा असतो. म्हणजे गोलाचा अन्वस्त करण्यासाठी इतके दिवस ज्या फरकामागे लागलो, त्याहून जाडच. पण तो सगळीकडे सारखा बसतो, त्यामुळे आकार बिघडत नाही.