ठाणे आलं, ऐरोली कुठे गेली?

ठाणे ते वाशी या ट्रान्सहार्बर मार्गावर नऊ स्टेशनं आहेत. समजा, विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज ठेवतात त्या साठ्यात) त्यांच्या नऊ नोंदी केल्या. नोंदीचं नाव म्हणजे स्टेशन आणि तिचा मजकूर म्हणजे गाडी जिथे संपते ते ठिकाण, सगळीकडे ‘वाशी’. सी भाषेतला प्रोग्रॅम रेगएनमव्हॅल्यू हा विंडोजचा कॉल (युनिकोडवाला) लूपमध्ये फिरवून एकेक नोंद वाचतो. पडद्यावर मात्र ठाणे एकटंच. क्रॅश नाही, कसली तक्रार नाही.

लूपची अट बहुधा ‘शून्य परत येतंय तोवर फिर’ अशी असते; शून्य म्हणजे काम झालं. नोंदी संपल्या की २५९ येतो, बफर (उत्तर ठेवायला दिलेली मेमरीतली जागा) अपुरा पडला की २३४. या अटीला दोन्ही सारखेच, म्हणून यादी अर्धी राहिली तरी पूर्ण झाल्यासारखी दिसते. तेव्हा आधी परत आलेला आकडा छापा. रजिस्ट्रीचे कॉल एरर कोड स्वतःच परत देतात. गेटलास्टएररला (शेवटची चूक सांगणाऱ्या वेगळ्या कॉलला) विचारलं तर भलताच, जुना आकडा हाती पडू शकतो.

इथे २३४ निघतो. बफर तर ६४ चिन्हांचा, मग अपुरा कसा? कॉलच्या आधी आणि नंतर नावाच्या लांबीचं व्हेरिएबल छापलं की उलगडतं: आधी ६४, नंतर ४. ही लांबी दुहेरी कामाची आहे. जाताना ती डबा केवढा ते सांगते, येताना त्यात माल किती भरला ते. ‘ठाणे’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हं होतात. पुढच्या फेरीत तोच ४ ‘डब्याचं माप’ म्हणून आत जातो. ‘ऐरोली’ला पाच चिन्हं अधिक शेवटचा शून्य (मजकूर संपल्याची खूण), म्हणजे सहा जागा हव्यात. खरं तर त्या चारात ‘ठाणे’सुद्धा दुसऱ्यांदा मावणार नाही, कारण आत जाताना शून्य धरून मोजायचं आणि बाहेर येताना तो वगळलेला असतो.

मजकुराची लांबी याच कॉलमध्ये वेगळ्या हिशोबाने चालते. ‘वाशी’चीही चारच चिन्हं, पण आकडा येतो १०: ही लांबी बाइट्समध्ये असते, प्रत्येक चिन्हाला २ बाइट्स, आणि शून्यासकट साठवला असेल तर शून्यही मोजलेला. त्यामुळे पुढची ‘वाशी’ दहात बरोबर बसते आणि चूक झाकली जाते. नावाची चूकही टेस्टिंगमध्ये निसटू शकते. कोपरखैरणे (९), ऐरोली (५), ठाणे (४) अशा उतरत्या क्रमाने नोंदी आल्या तर सगळं सुरळीत चालतं. आणि क्रमाची हमी कुणी दिलेली नाही.

उपाय दोन ओळींचा: दोन्ही लांब्या लूपच्या आत, प्रत्येक कॉलच्या आधी, पुन्हा मूळ मापावर आणायच्या. माप अंदाजाने ठरवायचं नसेल तर आधी रेगक्वेरीइन्फोकी या कॉलला सर्वांत लांब नावाची लांबी विचारा आणि उत्तरात १ मिळवा, कारण त्यात शून्य नसतो. त्या पॅरामीटरच्या नावात बाइट्स सुचवणारं ‘सीबी’ आहे, पण तो चिन्हं मोजतो. नाव ठेवणाऱ्याला हात जोडावेत!

घाईत ६४ च्या जागी साइझऑफ (सी भाषेत बाइट्समधलं माप देणारं) लिहिलंत तर १२८ जातो. कॉलला वाटतं १२८ चिन्हांची जागा आहे, आणि लांब नाव आलं की तो बफरपलीकडची मेमरी खराब करतो. हे २३४ पेक्षा वाईट, कारण दोष भलत्याच ठिकाणी उगवतो. साइझऑफ पॉइंटरवर (बफरचा नुसता पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलवर) लावलं तर ६४-बिट प्रोग्रॅममध्ये हातात फक्त ८.

लांबीचा असाच घोळ लिनक्सवरही: यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या दुसऱ्या पद्धतीत) ‘ठाणे’ १२ बाइट्सचं. तिथला रीडलिंक (लिंक कुठे नेते ते वाचणारा कॉल) शेवटी शून्य लावतच नाही आणि जागा कमी पडली तर गुपचूप कापतो. परत आलेला आकडा बफरच्या मापाएवढाच असेल, तर नाव तुटलंय असं धरून मोठ्या बफरने पुन्हा वाचायचं.